हरिहरेश्वर सहलीवरच्या तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्हाला आणि मुलांना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ताम्हिणी घाटात एसी बंद पडला ही आमचीच चूक. पट्टा घसरत होता, निघण्याआधी बघायला हवा होता. ड्रायव्हर तुमच्याशी चढ्या आवाजात बोलला, तेही चूकच. त्याला समज दिली आहे.

पण "बस पुण्यातूनच पाऊण तास उशिरा काढली, म्हणून प्रदक्षिणा हुकली, यांना वेळेची किंमत नाही" असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला झोप लागली नाही. बस स्वारगेटहून साडेपाचला सुटली आणि सहाला पाच कमी असताना चांदणी चौकात उभी होती. मी स्वतः तिथे होतो. तुम्हाला ६.०५, ६.१५ आणि ६.३० ला फोन केले. तिन्ही वेळा "पाचच मिनिटं, रिक्षात आहोत" हेच उत्तर मिळालं. तुम्ही चौघं पावणेसातला आलात. तोवर बाकीचे तेरा जण गाडीत बसून होते, त्यात सत्तरी ओलांडलेल्या दोन आजी. त्यातल्या एक मला दोनदा म्हणाल्या, "अहो, निघा आता." मी गाडी काढू दिली नाही. पैसे भरलेल्या माणसांना, तेही लहान मुलं बरोबर असताना, रस्त्यावर सोडून जाणं मला जमत नाही.

त्या पाऊण तासाने काय झालं तेही सांगतो. शनिवारी माणगाव दहाच्या आत ओलांडलं तर ठीक, नाहीतर मुंबई-गोवा हायवेच्या गर्दीत सापडायला होतं. आपण साडेदहानंतर पोचलो आणि सव्वा तास तिथेच गेला. घाटात तुमच्या धाकट्याला उलटी झाली म्हणून वीस मिनिटं थांबलो, ते मी धरतच नाही. लेकरू आहे, आमच्या क्लीनरनेच त्याला लिंबू कापून दिलं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा देवळामागच्या पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून करायची असते, आणि ती फक्त ओहोटीला. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या दिवशी अष्टमी, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी, समुद्र फार मागे हटत नाही, त्यामुळे वेळ मुळातच कमी. साडेअकराला पोचता यावं म्हणूनच चांदणी चौकाची वेळ सहाची ठेवली होती. पोचलो पावणेदोनला. खालच्या पायऱ्यांशी लाटा फुटत होत्या. त्या खडकांवरून माणसं वाहून गेली आहेत मॅडम. आमच्या माणसाने तुम्हाला अडवलं याला तुम्ही "दादागिरी" म्हणालात, ते मला फार लागलं. रविवारी पाऊण वाजता पुन्हा ओहोटी होती हे खरं, पण तेव्हा सगळे दिवेआगरला होते. बाकीच्यांचा दिवस मोडून परत फिरणं शक्य नव्हतं.

माझ्या दोनच गाड्या आहेत, एकीचे हप्ते अजून चालू आहेत. मे महिन्याचं बुकिंग आत्ताच सुरू होतंय आणि लोक आधी स्टार बघतात. नाश्त्याच्या तिखटमिठाच्या पुऱ्या माझी बायको पहाटे तीनला उठून करते. त्या तुम्ही मागून घेतल्या होत्या, त्याचा रिव्ह्यूत एक शब्द नाही.

पट्टा बदलला आहे. थांब्यावर किती वेळ थांबायचं याचाही काहीतरी नियम करतो. पूर्ण पैसे परत करणं मला परवडणार नाही, पण एसीचे म्हणून माणशी ३०० रुपये, चौघांचे १,२०० आज पाठवतो. मिळाले की तेवढी उशिराची ओळ दुरुस्त करा, ही विनंती. एसीचं लिहिलंय ते राहू दे.

तुमच्या मुलाची शिंपल्यांची पिशवी मागच्या सीटखाली सापडली. ऑफिसमध्ये जपून ठेवली आहे, कधीही घेऊन जा.