पोरं द्या, स्टार घ्या

आमच्या जेवणाच्या टेबलावर पॉल जॉर्ज जितक्या वेळा येऊन गेलाय, तितक्या वेळा माझा सख्खा भाऊ आलेला नाही. आणि भाऊ न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनपासून पाऊण तासावर राहतो. पॉल जॉर्ज हा एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला खेळाडू, आणि त्याला मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. पण इंडियानाच्या संघानं त्याला २०१७ मध्ये कुणाच्या बदल्यात दिला, ओक्लाहोमानं २०१९ मध्ये कुणाच्या बदल्यात दिला आणि शेवटी २०२४ मध्ये तो लॉस एंजेलिसहून करार संपून फुकट कसा गेला, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. हे ज्ञान मी मागितलं नव्हतं. पोळ्या वाढता वाढता ते कानात साचलं.

घरात दोन पक्ष आहेत. नवरा नेट्सचा. ब्रुकलिन नेट्सचा म्हटलेलं त्याला अजून आवडत नाही, कारण संघ न्यू जर्सीत होता तेव्हापासूनचा तो भक्त आहे. मुलगाही नेट्सचाच, पण मतभेद आहेत, आणि एका पक्षात दोन गट पडले की काय होतं हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. भांडणाचा विषय एकच. हाताशी असलेली तरणी पोरं आणि येत्या वर्षांचे ड्राफ्ट पिक (म्हणजे नव्या पोरांतून निवड करायचे हक्क) देऊन तयार स्टार आणायचा, की पोरं राखून वाट बघायची? ऑक्टोबरला सुरू झालेलं हे प्रकरण फेब्रुवारीत ट्रेड डेडलाइनच्या, म्हणजे खेळाडूंच्या सौद्यांच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात शिगेला पोहोचतं, जूनमध्ये ड्राफ्टच्या निमित्तानं पुन्हा उफाळतं आणि गणपती आले की जरा निवतं. तेवढ्यात मी श्वास घेते.

नवऱ्याचं म्हणणं: स्टार आणा. कसाही आणा. मुलाचं म्हणणं: पोरांना हात लावू नका. यात बास्केटबॉलचा संबंध कमी आणि वयाचा जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नवऱ्यानं पन्नाशी ओलांडली. नेट्स १९७६ मध्ये एनबीएत आले तेव्हापासून त्यांनी एकही अजिंक्यपद जिंकलेलं नाही, आणि याला ते डोळ्यांनी बघून मगच रक्तदाबाच्या गोळ्या वाढवायच्या आहेत. ‘ही पोरं २०३० मध्ये चांगली होतील’ असं कुणी म्हटलं की तो मनातल्या मनात स्वतःचं वय मोजतो. मुलगा सोळा वर्षांचा. त्याला २०३० म्हणजे परवा. संघाच्या जनरल मॅनेजरचंही नवऱ्यासारखंच असणार. २०३१ च्या कुणा पोरासाठी आज हरणाऱ्या माणसाला २०३१ पर्यंत नोकरीवर ठेवतो कोण?

मुलगा जन्मला तो २००९ चा शेवट. त्या हंगामात नेट्सनं ओळीनं पहिले अठरा सामने हरून सुरुवात केली. पुढे ८२ पैकी कसेबसे बारा जिंकले. मी बाळंतीण, आणि नवरा तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन ते पराभव बघत बसलेला. पोराला पाळण्यातच कळलं असावं की ह्या घरात घाई करून उपयोग नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात मात्र आमच्याकडे पेढे वाटले गेले. ब्रुकलिनला गेलेल्या नेट्सनं बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स आणले. नवरा नाचत होता. गार्नेट तेव्हा ३७ वर्षांचा, पिअर्स ३५ चा. मी भोळेपणानं म्हटलं, “अरे, इतकी वयस्क माणसं?” तर म्हणे, “अनुभव असतो!” बदल्यात बरंच काही गेलं. २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक, शिवाय २०१७ ला पिकांची अदलाबदल करून घ्यायचा बॉस्टनला हक्क. तेव्हा आमच्या घरात या तपशिलाकडे कुणी लक्ष दिलं नाही. २०१८ कुणी बघितलंय!

२०१८ यायचं ते आलंच. तोवर पिअर्स एका हंगामातच निघून गेला होता, गार्नेटलाही पाठवून दिलं होतं, आणि मिळकत म्हणाल तर प्लेऑफमधली, म्हणजे बाद फेरीतली एक मालिका जिंकली एवढीच. इकडे बॉस्टननं आमच्या २०१६ च्या पिकवर जेलन ब्राउन घेतला. २०१७ ची अदलाबदल तर ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत थेट पहिल्या क्रमांकावर निघाली. ती त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्या क्रमांकावर उतरून जेसन टेटम घेतला, आणि वर आणखी एक पिक खिशात घातला. या दोघांनी २०२४ मध्ये बॉस्टनला अजिंक्यपद मिळवून दिलं. त्या रात्री नवरा जेवला नाही. मुलगा जेवला, आणि जेवताना बोललाही.

गंमत अशी की याच बॉस्टननं याच गार्नेटसाठी २००७ मध्ये मिनेसोटाला पाच खेळाडू आणि दोन पिक दिले होते, आणि पुढच्याच वर्षी ते जिंकले होते. नवरा हे उदाहरण ठेवणीतल्या शालूसारखं जपून वापरतो. त्याच्या जोडीला लॉस एंजेलिसचे लेकर्स आहेतच. २०१९ मध्ये इंग्रम, लॉन्झो बॉल, हार्ट आणि पिकांची चळत देऊन अँथनी डेव्हिस आणला, २०२० मध्ये करंडक घरात. आणि टोरांटो! टोरांटोचं नाव निघालं की मात्र आमच्या सासूबाई उसळतात.

सासूबाई सांगलीच्या. टोरांटोनं २०१८ मध्ये डेमार डिरोझनला देऊन क्वाय लेनर्ड आणला, २०१९ मध्ये जिंकले, आणि लेनर्ड त्याच उन्हाळ्यात सामान बांधून लॉस एंजेलिसला गेला, ही कथा नातवानं त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितली होती. नवऱ्याच्या लेखी हा हिशोब चोख आहे: एक वर्ष, एक करंडक, विषय संपला. सासूबाईंना तो पटलेला नाही. “नऊ वर्षं राबला ना तो पोरगा तिथं? त्याला बाहेर काढून कुणाला आणलं, तर वर्षभरात निघून जाणाऱ्याला?” करंडक मिळाला हे सांगितलं तर म्हणाल्या, “मिळाला असेल. डिरोझनच्या आईला काय वाटलं असेल ते बोला.” हा मुद्दा कुठल्याही तज्ज्ञानं अजून मांडलेला माझ्या ऐकिवात नाही.

मागच्या वर्षी सासूबाई भर थंडीत इथं आल्या होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू ठेवलं होतं. शनिवारी रात्री तिळगूळ, वाण, अत्तरदाणी सगळं मांडून आम्ही झोपलो. मध्यरात्र उलटल्यावर नवरा ताडकन उठून बसला आणि ओरडला, “गेला! अगं, गेला!”

मी म्हटलं, “कोण?”

“डॅलसचा!”

डॅलसला नवऱ्याचा मावसभाऊ राहतो. शेजारच्या खोलीतून सासूबाई काठी न घेताच धावत आल्या. “काय झालं रे त्याला? परवाच तर बोलला माझ्याशी!” नवऱ्याचं लक्षच नाही. तो फोन हलवून हलवून बघतोय, “खोटं असणार. कुणीतरी खातं हॅक केलंय.” सासूबाई मटकन खाली बसल्या. मग दोन मिनिटांनी, कर्त्या बाईच्या आवाजात मला म्हणाल्या, “अगं, मग उद्याचं हळदीकुंकू? सुतक येतं का आपल्याला, बघायला पाहिजे.”

गेला होता तो लुका डॉन्चिच. पंचवीस वर्षांचा. आदल्याच वर्षी ज्यानं डॅलसला अंतिम फेरीत नेलं, त्याला त्यांनी लेकर्सला देऊन टाकला आणि एकतीस वर्षांचा अँथनी डेव्हिस घेतला. बातमी देणाऱ्याचं खातं हॅक झालंय असं त्या रात्री अर्ध्या अमेरिकेला वाटलं होतं, त्यामुळे नवऱ्याला फार दोष देता येत नाही. पण सासूबाईंना हे उमगायला वेळ लागला की माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि फक्त कॅलिफोर्नियाला गेलाय. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू झालं. आलेल्या बायकांपैकी निम्म्या घरांतून रात्री हाच आरडाओरडा झाला होता, असं अत्तर लावताना कळलं.

डॅलसच्या लोकांनी त्यांच्या जनरल मॅनेजरला काढा म्हणून भर सामन्यात घोषणा दिल्या, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला काढलंही. मधल्या काळात मे महिन्यात लॉटरीत १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला पहिला पिक लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. यावरून काय धडा घ्यायचा हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. नवरा म्हणतो देव आहे. मुलगा म्हणतो देव पोरांच्या बाजूनं आहे.

मुलाचं ब्रह्मास्त्र म्हणजे पॉल जॉर्ज. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाला, क्लिपर्सना, लेनर्ड हवा होता, लेनर्डला सोबतीला जॉर्ज हवा होता. म्हणून क्लिपर्सनी ओक्लाहोमाला विशीतला शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन अदलाबदलीचे हक्क दिले. त्यातल्याच एका पिकवर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये ओक्लाहोमा अजिंक्य, शे हंगामाचाही सर्वोत्तम आणि अंतिम फेरीचाही. समोर कोण होतं? इंडियाना. इंडियानानं २०१७ मध्ये जॉर्ज देऊन जो साबोनिस घेतला, तोच पुढे देऊन हॅलिबर्टन आणला होता. म्हणजे अंतिम फेरीतले दोन्ही संघ एकाच माणसाला विकून उभे राहिलेले, आणि तो माणूस स्वतः फिलाडेल्फियात. अंतिम फेरीच्या सातही सामन्यांत मुलानं हे वाक्य सातही वेळा म्हटलं. सातव्या वेळी मीही त्याच्यासोबत म्हटलं.

नेट्सनं मधे २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार केला हे नवऱ्यासमोर बोलायचं नसतं. हार्डनसाठी जॅरेट अॅलन, लेव्हर्ट, तीन पिक आणि चार अदलाबदली गेल्या. ड्युरँट, अर्विंग, हार्डन असे तीन तारे एका संघात आले आणि प्लेऑफ धरून एकत्र सोळा सामने खेळले. सोळा! आमच्या मंडळाच्या नाटकाच्या तालमीसुद्धा त्याहून जास्त झाल्या होत्या, आणि तिथं तर नायकाला दर शनिवारी दुसरं काम निघायचं.

आता परिस्थिती उलटी आहे. मिकाल ब्रिजेस हा खेळाडू न्यू यॉर्कच्या निक्सला देऊन नेट्सनं पिकांचा डोंगर केला, आणि २०२५ च्या जूनमध्ये एकाच रात्री पहिल्या फेरीत पाच पोरं घेतली. इतकी कुणीच कधी घेतली नव्हती. रशियाचा एक, फ्रान्सचा एक, इस्रायलचा एक, अशी ती पाच पोरं आमच्या घरात राहायला आल्यासारखी झाली आहेत. नवऱ्याला त्यांच्याकडे बघून फक्त ग्रीसचा स्टार यानिस दिसतो. “पाचही देऊन टाका, यानिस आणा!” मुलगा ताट सरकवून उठतो. सांगलीहून सासूबाई विचारतात, “त्या फ्रान्सच्या पोराला तरी ठेवा रे. लांबून आलाय.”

या सगळ्याची झळ घरकामाला बसली. मुलगा आता कुठलंही काम सरळ करत नाही, त्याचा सौदा करतो. पिकांच्या सौद्यात संरक्षणाची अट असते तसं कचऱ्याचे डबे बाहेर ठेवणं ‘तीन इंचांपर्यंत संरक्षित’ आहे. म्हणजे तीन इंचांपेक्षा जास्त बर्फ पडला तर त्याची जबाबदारी पुढच्या आठवड्यावर जाते. तेव्हाही पडला तर ती रद्द होऊन त्याबदली मोज्यांच्या दोन घड्या. हे मला त्यानं एका गुरुवारी सकाळी सांगितलं, कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर दिसत असताना.

या हिवाळ्यात नवऱ्यात एकाएकी पालट झाला. इतकी वर्षं हरून हरून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला म्हणे: भविष्य हेच खरं, पिक हेच सोनं. लगेच मुलाशी सौदाही झाला. कागद फ्रिजवर चुंबकानं लावला आहे. नवरा यंदाचा ड्राइव्हवेवरचा सगळा बर्फ एकटा काढणार. बदल्यात मुलाकडून त्याला २०२९, २०३१ आणि २०३३ ही तीन वर्षं डिशवॉशर भरणं आणि रिकामं करणं मिळणार, कुठल्याही संरक्षणाशिवाय. एकाआड एक वर्ष का, तर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक अशा काही उधळले की लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक विकू नयेत असा नियमच लीगला करावा लागला. मुलानं नियम पाळला. सात वर्षांच्या पलीकडचं काही देता येत नाही, तेही पाळलं. २०२७ आणि २०२८ त्यानं करारात आणलेच नाहीत.

मुलगा २०२८ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार आहे.

नवरा रोज सकाळी फावडं घेऊन बाहेर पडताना त्या कागदाकडे बघून गालात हसतो. मी काही बोललेले नाही. एवढ्या मोठ्या ट्रेडमध्ये तिसऱ्या संघालाही काहीतरी द्यावं लागतं, हे मुलाला माहीत होतं. तो आपणहून माझ्याकडे आला. मला इस्त्री मिळाली आहे. यंदाचीच.