अंधार झाल्यावर उठावं की बसावं?

छोट्या, बिनहिरोच्या, फेस्टिव्हलांतून फिरून आलेल्या मराठी पिक्चरवर भांडायचं आहे ना? मग आधी तो बघायचा विचार डोक्यातून काढा. बघणाऱ्याची फार पंचाईत होते. त्याला थोडा आवडलेला असतो, थोडा नसतो, मधे कुठेतरी डुलकी लागलेली असते. अशा माणसाला दोन्हीकडचे लोक चहालाही विचारत नाहीत.

सुदैवाने या पिक्चरांचा प्रवासच तुमच्या सोयीचा असतो. ते इथे लागण्याआधी बाहेर जिंकतात. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ घ्या. सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला दोन बक्षिसं, मार्च २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि आपल्याकडे थेटरात १७ एप्रिल २०१५ ला. मत पिकवायला सात महिने! एवढ्या वेळात आढीतला आंबा पिकून, सडून, कोय रुजलीसुद्धा असती. रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’नेही २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलचं मोठं बक्षीस घेतलं आणि इथे लागला सप्टेंबरात. या मधल्या काळात ‘हे लोक परदेशात आपली गरिबी विकतात’ हे वाक्य बिनधास्त वापरावं. पिक्चर गरिबीवर नसला तरी चालतं. ‘साबर बोंडं’ म्हणजे वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेल्या मुलाची आणि त्याच्या लहानपणीच्या मित्राची प्रेमकथा. वाक्य बसवता येतं. नाहीच बसलं तर गरिबी काढून तिथे संस्कृती घाला.

तुम्ही दुसऱ्या, म्हणजे कौतुक करणाऱ्या पार्टीचे असाल तर तयारी थोडी जास्त लागते. ‘अवकाश’, ‘मौन’, ‘अस्वस्थ करून सोडतो’ एवढे शब्द घरात असू द्यावेत. कॅमेरा जागचा हलत नसेल तर तो ‘प्रेक्षकाला शहाणा समजतो’. हलत असेल तर तो ‘व्यवस्थेच्या घुसमटीत शिरतो’. ‘फँड्री’मधला, जब्या या पोराने शेवटी कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावलेला दगड हाताशी ठेवावाच. ‘तो दगड आपल्यालाच लागतो’ हे वाक्य २०१४ पासून इतक्या जणांनी म्हटलंय की दगड एव्हाना झिजून गुळगुळीत झाला असेल, पण अजून चालतो. आणि कुणी ‘फार संथ आहे हो’ म्हणालं तर त्याच्यावर खेकसू नये. ‘तुला कळला नाही’ असंही तोंडावर म्हणू नये. ‘परत एकदा बघ’ म्हणावं. अर्थ तोच, फक्त समोरच्याला घरी पोचल्यावर कळतो.

आता समीक्षक. समीक्षक दोन प्रकारचे असतात: आपल्यासारखं बोलणारा अभ्यासक आणि उरलेले विकले गेलेले. ज्या निर्मात्याकडे चौकात पोस्टर चिकटवायला पैसे नाहीत, त्याने समीक्षक कशाने विकत घेतला, असल्या हिशेबात शिरू नका. परीक्षणाचा मजकूर वाचायचा नाही, तारे मोजायचे. चार तारे असले की ‘म्हणजे बोअर असणार’. दोन असले की ‘बघा, समीक्षकसुद्धा वैतागलाय’. साडेतीनवाल्याने मात्र छळ मांडलेला असतो. त्याने ‘मध्यंतरानंतर पकड किंचित सैलावते’ हे वाक्य लिहिलंय का ते तपासावं. ते असतंच. ते कापून घ्यावं आणि आपल्या गटात ‘समीक्षकांनी धुतलं’ म्हणून फिरवावं. समोरची पार्टी त्याच परीक्षणातला ‘तरीही आवर्जून पाहावा’ हा तुकडा फिरवत असते. बिचारा लिहिणारा दोन्हीकडून शिव्या खातो. त्याला तेच तर मानधन.

‘प्रेक्षकच येत नाही’ हा मुद्दा राखून ठेवावा, तो शेवटी लागतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने मल्टिप्लेक्सांना प्राइम टाइममध्ये मराठी पिक्चर लावायला सांगितलं. आधी सहा ते नऊ म्हणाले, मग ताणाताणी झाली आणि प्राइम टाइम दुपारी बारापासून सुरू होतो असं ठरलं. तेव्हा मंगळवारी दुपारी सव्वाबाराला रिकाम्या थेटरात पिक्चर सुरू असेल, तर दोष मराठी माणसाच्या अभिरुचीचा. आपण तेव्हा ऑफिसात होतो ही गोष्ट वेगळी. शुक्रवारी पुढचा पिक्चर आला, हा उतरला, की मग ‘असे सिनेमे आपल्याकडे टिकतच नाहीत’ अशी हळहळ दोन्ही पार्ट्यांनी मिळून करावी. एकमत होण्याची ही एवढीच जागा आहे, ती सोडू नये.

घरबसल्या बघणार असाल तर आणखी सोय. ‘द डिसायपल’ व्हेनिसहून पटकथेचं बक्षीस घेऊन आला आणि ३० एप्रिल २०२१ ला थेट घरात, नेटफ्लिक्सवर. त्यातला गायक शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून बाइकवर जातो आणि कानात त्याच्या गुरूच्या गुरूचं, माईंचं, ध्वनिमुद्रित बोलणं चालू असतं. आवाज सुमित्रा भावेंचा. ही दृश्यं मुद्दाम संथ केली आहेत. तुम्ही वेग दीडपट करा. बाइक पार्सलवाल्या पोराच्या गतीने धावू लागते आणि माई बातम्या वाचतात. पाऊण तास वाचतो, तो भांडायला कामी येतो. गाणं शिकलेले असाल तर वेगळाच मार्ग आहे: गोष्टीकडे बघूच नये, तानपुऱ्याकडे कान लावून बसावं. मुख्य भूमिकेतला आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गायक आहे, म्हणजे वादाला घराणंही मिळतं.

फेस्टिव्हलला जाणार असाल तर रांगेत भांडा, आत नको. पुण्यात जानेवारीत खेळाआधी तासभर रांग लागते. तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेले काका परवाच्या इराणी पिक्चरमधल्या करुणेबद्दल भरून येऊन बोलत असतात. दार उघडलं की तेच काका चार खुर्च्यांवर रुमाल, कॅटलॉग, मफलर आणि चष्म्याचं घर टाकून जागा धरतात. एक मुलगी चष्म्याच्या घराशेजारी उभी राहून ‘इथे कोणी आहे का?’ विचारत होती. काका म्हणाले, ‘येताहेत.’ पिक्चर संपेपर्यंत ते येतच होते.

एवढं सगळं मी अधिकाराने सांगतोय, कारण ‘कोर्ट’ मी थेटरात, तिकीट काढून बघितलाय. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच. मागच्या रांगेतल्या खुर्च्या फटाफट वाजल्या, डोअरकीपरने दार उघडलं, पार्किंगमध्ये गर्दी नको म्हणून मीही उठलो. पुढची काही वर्षं त्या अंधारावर मी काय काय बोललो! ‘पिक्चर अंधारात सोडून देतो, हीच आपली न्यायव्यवस्था.’ एका पार्टीने माना डोलावल्या. दुसरी म्हणाली, ‘नुसता काळा पडदा दाखवायला बक्षीस?’ जोरदार भांडण झालं. मी चूक आहे असं मात्र कुणीही म्हणालं नाही.

मध्यंतरी भाचा लॅपटॉपवर काहीतरी बघत होता. पडद्यावर एक म्हातारा बाकावर बसल्या बसल्या झोपला होता. पोरांनी एकदम ओरडून त्याला उठवलं. त्याने एकाच्या थोबाडीत दिली आणि पुन्हा डोळे मिटले.

‘कोण रे हा?’

‘जज. ‘कोर्ट’चा शेवट आहे, मामा. सहलीला गेलाय. तू तर थेटरात बघितलेलास ना?’

मी म्हटलं, ‘हो. परत एकदा बघायला हवा.’