अणू की सौर? आधी किती वाजले ते सांगा

जैतापूरच्या, म्हणजे कोकणातल्या नियोजित अणुप्रकल्पाचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, "9900 मेगावॅट, राज्याची चिंता मिटली." दुसरा म्हणतो, "तेवढ्या पैशात सौर टाका आणि दोन वर्षांत मोकळे व्हा." दोघंही मेगावॅट मोजतात आणि गाडी तिथेच घसरते. मेगावॅट म्हणजे नळाची जाडी. पाणी किती तास येतं आणि कधी येतं, हे जाडीवरून कळत नाही.

आधी 'किती तास' ते बघू. 1000 मेगावॅटचा अणुप्रकल्प 85 टक्के पीएलएफने (म्हणजे वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या 85 टक्के) चालला तर वर्षाला साधारण 745 कोटी युनिट देतो. 1000 मेगावॅट सौर, 20 टक्के धरले, तर 175 कोटी. तेवढीच युनिटं सौरमधून हवी असतील तर सव्वाचार हजार मेगावॅट उभे करावे लागतील, आणि मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर सतरा ते एकवीस हजार एकर जमीन लागेल. अणुवाले इथे थांबतात आणि टाळ्या घेतात.

पण मग कोयनेचं काय करायचं? 1960 मेगावॅट क्षमता, वर्षाला तीनशे कोटी युनिटांच्या आसपास निर्मिती. पीएलएफ काढा: 17-18 टक्के. म्हणजे सौरच्याच पंगतीत! तरी भार प्रेषण केंद्रातला (जिथून राज्याची विजेची मागणी आणि पुरवठा जुळवतात) कुणीही कोयनेला कमी लेखणार नाही. कारण ती मशीन काही मिनिटांत सुरू होतात आणि मागितली तेव्हा वीज देतात. पाणी लवादाच्या निवाड्यामुळे पश्चिमेकडे वर्षाला 67.5 टीएमसीच वळवता येतं, म्हणून ते संध्याकाळच्या ताणासाठी जपून वापरायचं असतं. विजेची खरी किंमत अशी तासावर ठरते. दुपारी एकचं युनिट आणि संध्याकाळी साडेसातचं युनिट हे दोन वेगळे माल आहेत.

हे मान्य केलं की बरेच वाद आपोआप मिटतात. शेतीपंपाचं घ्या. पंपाला वीज दिवसा हवी, सलग हवी, आणि ढग आला म्हणून वीस मिनिटं दाब कमी झाला तरी ऊस काही मरत नाही. आजवर चक्राकार पद्धतीत आठवड्यातले काही दिवस रात्रीची पाळी यायची आणि माणूस बॅटरी घेऊन साप-बिबट्याच्या धाकात बारे द्यायला जायचा. कृषी वाहिनी (फक्त शेतीपंपांची वीजवाहिनी) वेगळी काढायची, 33/11 केव्ही उपकेंद्राच्या जवळ दोन ते दहा मेगावॅटचा सौर प्रकल्प टाकायचा, तिथली वीज तिथेच वापरायची. युनिटला तीन रुपयांच्या आसपास, आणि लांबून आणण्यातली गळतीही वाचते. या कामासाठी अणुऊर्जेचं नावही काढायची गरज नाही.

अडतं ते संध्याकाळी. पाच वाजल्यापासून सौर उतरायला लागतो आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, मिक्सर, एसी चालू होतात. दुपारी सौरला जागा द्यायला कोळशाचे संच 55 टक्क्यांपर्यंत खाली आणलेले असतात, ते दोन तासांत वर चढवायचे. या चढ-उतारात बॉयलरच्या नळ्या थकतात, मग गळती, मग संच बंद. दुपारचं तीन रुपयांचं युनिट पंप्ड स्टोरेजमध्ये (पाणी वरच्या धरणात चढवायचं, हवं तेव्हा खाली सोडून वीज काढायची) घातलं तर शंभरातली 75-80 परत मिळतात. म्हणजे नुसती गळती धरूनच ते पावणेचार-चार रुपयांना पडतं, भांडवली खर्च वेगळा. बॅटरीत गळती कमी, पण ती चार तासांची. चार दिवस आभाळ भरून आलं तर ना ही पुरणार ना ती.

पावसाळ्याचा बाऊ मात्र फार करू नये. सौर पडतो तेव्हाच वनकुसवड्याच्या पठारावर आणि साक्रीकडे पवनचक्क्या जोरात असतात, शेतीपंपही थंड असतात. खरी गोची ऑक्टोबर-नोव्हेंबरची. वारा गेलेला, उकाडा परतलेला, रब्बीचं पाणी सुरू, आणि रात्र लांबत चाललेली.

मग त्या रात्रीसाठी अणुभट्टी? हो, पण ती संध्याकाळच्या टोकासाठी नाही. आपल्या पीएचडब्ल्यूआर (जड पाण्याच्या) भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, त्यामुळे हाताशी राखीव जोर कमी. विखंडनातून आयोडीन-135 तयार होतं, त्याचं झेनॉन-135 होतं, आणि झेनॉन न्यूट्रॉन गिळतं. भट्टी एका लयीत चालते तोवर जेवढं झेनॉन तयार होतं तेवढं संपतं. ट्रिप झाली (अचानक बंद पडली) की संपणं जवळजवळ थांबतं, तयार होणं चालूच राहतं, आणि दहा-अकरा तासांनी ते शिगेला पोचतं. अर्ध्या-पाऊण तासात भट्टी पुन्हा उभी राहिली नाही, तर दीडेक दिवस हात चोळत बसायचं. म्हणून ती सपाट चालवतात. रात्री दोन वाजताही जो भार राज्यावर असतोच (कारखाने, पाणीपुरवठा, रेल्वे, रुग्णालयं) तो तिचा. आज तो भार मुख्यतः चंद्रपूर-कोराडीचा कोळसा उचलतो. अणुऊर्जेची स्पर्धा कोळशाशी आहे, सौरशी नाही. दोन्ही बाजूंना हे का दिसत नाही, हे मला कोडंच आहे.

आता जैतापूर. माझा आक्षेप किरणोत्साराचा नाही, तिथल्या यंत्राचा आहे. तिथे बसवायची ईपीआर ही फ्रेंच रचनेची भट्टी. ती फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला 2005 साली बांधायला घेतली, नियमित वीज 2023 मध्ये आली. फ्रान्समधली फ्लामानव्हिल 2007 ला सुरू केलेली, ग्रिडला जोडली डिसेंबर 2024 मध्ये. कर्जावर 9 टक्के व्याज धरा, आठ वर्षांत रक्कम दुप्पट होते. अणुविजेच्या दरात इंधन फार थोडं असतं, हे व्याजच जास्त असतं.

आपलेही काही वेळेवर होत नाहीत, हे खरं. काक्रापार-3 चं पहिलं काँक्रीट नोव्हेंबर 2010 चं आणि व्यावसायिक उत्पादन जून 2023 चं. पण 700 मेगावॅटची ती रचना आता पाठ झाली आहे, सुटे भाग इथेच बनतात. तारापूरच्या पहिल्या दोन, अमेरिकी बनावटीच्या संचांनी परक्या यंत्राचा धडा दिलेलाच आहे. 1969 मध्ये सुरू झालेले, मूळचे 210 मेगावॅटचे. दुय्यम बाष्पजनित्रांच्या दुखण्यामुळे 160 वर आणावे लागले, आणि 2020 मध्ये रीसर्क्युलेशनचे पाइप बदलण्यासाठी जे बंद झाले ते वर्षानुवर्षं. तरी जितकी वर्षं चालले तितकी वर्षं वीज स्वस्त दिली, हेही कबूल करायला हवं.

आणि जैतापूरजवळच्या साखरी नाट्याचा मच्छीमार ओरडतो ते उगाच नाही. 1650 मेगावॅट वीज काढायला त्याच्या पावणेदोन पट उष्णता समुद्रात सोडावी लागते. पाणी सात अंशांनी तापू द्यायचं म्हटलं तर भट्टीमागे सेकंदाला शंभर घनमीटर पाणी लागतं. सहा भट्ट्यांचे वीस-एकवीस हजार क्युसेक. खडकवासल्यातून एवढा विसर्ग झाला की पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जातो. तोच विसर्ग, पण कोमट, आणि बारा महिने. याचं उत्तर "समुद्र मोठा आहे" हे नव्हे. कमी भट्ट्या हे आहे.

माझं मत विचाराल तर: शेती सगळी सौरवर, संध्याकाळ कोयना, घाटघरचं पंप्ड स्टोरेज आणि बॅटऱ्यांवर, रात्रीचा पाया हळूहळू कोळशाकडून 700 मेगावॅटच्या स्वदेशी भट्ट्यांकडे. सहा ईपीआर नकोत. यात पंप्ड स्टोरेजची बाजूही सोपी नाही. घाटघरला 250 मेगावॅटसाठी घाटमाथ्यावर एक आणि खाली कोकणात एक अशी दोन धरणं लागली. तशा जागा सह्याद्रीत आहेत, पण जिथे चारशे मीटरचा कडा आहे तिथेच जंगलही आहे.