हवेचा स्क्रू

पंपावर पेट्रोलचे पैसे घेतात, इंजिनात जाणाऱ्या हवेचे कोणी घेत नाही. म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्षही नसतं. नाहीतर हिशेब भयंकर आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे जवळपास ११ किलो, नऊ-दहा हजार लिटर हवा! नागपुरात सीताबर्डीला जाऊन, पार्किंग न मिळाल्यामुळे दोन-चार चकरा मारून घरी येईस्तोवर माझी गाडी एवढी हवा आरामात गिळते. आणि हवा तरी कसली, तर सिमेंट रोडच्या कामाची धूळ घातलेली.

यंदा मे महिन्यात तिनं या हवेवरूनच रुसवा धरला. चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला आठशेच्या आसपास राहायला हवा. हिचा सातशेवरून चौदाशेवर जायचा, तिथून खाली यायचा, परत वर. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला बाजूच्या बाइकवाल्या पोराला वाटलं, मी त्याला रेस लावायला बोलावून राह्यलो. त्यानंही मूठ पिळली. हिरवा दिवा लागला, पोरगं झाशी राणी चौकाकडे सुसाट निघून गेलं आणि माझी गाडी जागीच बंद पडली. मागच्या ऑटोवाल्यानं जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी आलो तर शेजारचे काका स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर.

"काही नाही बे, हवेचा स्क्रू पाव फेरा आत घे, मंग पाह्य."

काकांची अख्खी हयात कार्बोरेटरवर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रावर गेली. त्यांच्या मते जगातला कुठलाही बिघाड पाव फेऱ्याच्या आतला असतो. मी समजावलं की इंजेक्शनच्या गाडीत तसं नसतं. माझ्या गाडीत हवेच्या वाटेत एक केसाएवढी बारीक तार तापवून ठेवलेली असते. आत जाणारी हवा तिला गार करते. तिला गरम ठेवायला किती करंट लागला, त्यावरून कॉम्प्युटर हवेचं वजन काढतो आणि त्या बेतानं पेट्रोल सोडतो. वरून सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर चहाडी करायला बसलेलाच असतो.

"म्हंजे स्क्रूच नाही?" काकांचा चेहरा पडला.

स्क्रू होता. थ्रॉटलपाशी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपाशी, कारखान्यातच बसवून वर पिवळा रंग फासलेला. काकांनी तो ज्या नजरेनं पाहिला, त्या नजरेनं माणसं फक्त सावजीच्या रश्श्यावरची तर्री पाहतात.

एका सर्व्हिस सेंटरनं गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी सांगितलं, थ्रॉटल बॉडी पूर्ण बदला लागते. का, ते सांगितलं नाही. आकडा मात्र छापील दिला. मी गाडी परत आणली.

मग भाचा आला. त्याला दुरुस्तीत रस नव्हता, त्याला 'इनटेक' करायचा होता: हवेच्या फिल्टरचा डबा काढून फेकायचा आणि त्या जागी लाल शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा. आवाज काय येतो म्हणे मामा! आवाज येतो हे खरं. पण तो शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि त्याला चोळलेलं तेल जास्त झालं तर त्या बिचाऱ्या तारेवर जाऊन बसतं. नागपुरात गरम हवेची आयात कशाला? १० अंशांच्या पहाटेपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी तेवढ्याच जागेतल्या हवेचं वजन तसंही ११ टक्क्यांनी कमी भरतं. हे ऐकून काकांनी लगेच तोडगा काढला: अंगणातला कूलर गाडीपुढं लावायचा. हवा गार झाली की जड होते, म्हणजे तत्त्व चुकीचं नव्हतं, हेच दुःख!

भाच्यानं एक काम मात्र चोख केलं. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड काढला: पी-०१७१. म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. तारेला चुकवून कुठूनतरी चोरटी हवा आत शिरत होती.

ती धरली मानेवाड्याच्या एका उस्तादनं. त्यानं गाडी चालू ठेवली आणि खिशातून अगरबत्ती काढून पेटवली. पेट्रोलच्या इंजिनाजवळ अगरबत्ती! मी नकळत दोन पावलं मागे सरकलो; बायकोनं, का कोण जाणे, पदर डोक्यावर घेतला. उस्ताद मात्र शांतपणे धूर एकेका नळीपाशी नेत होता. धूर सरळ वर जायचा. फिल्टरच्या डब्याकडून थ्रॉटलकडे जाणाऱ्या काळ्या वळीदार रबरी पाइपाखाली अगरबत्ती आली आणि धूर आडवा होऊन एका वळीत सर्रकन शिरला. बोटानं ती वळी फाकवली तेव्हा कुठं चीर दिसली, नखाएवढी. उन्हानं रबर वाळून तडकलेलं.

"थ्रॉटल बॉडी कायले बदलता भाऊ? हा पाइप टाका."

नवा पाइप बसला, थ्रॉटलची काजळी पुसली, काही वेळ बॅटरीची तार काढून कॉम्प्युटरची जुनी आठवण पुसली. आता त्यानं नव्यानं शिकायचं होतं. गाडी चालू करून, अॅक्सिलेटरला पाय न लावता, एसी बंद ठेवून नुसतं उभं राहायचं. मग एसी लावून पुन्हा तेच. काटा हजारावरून हळूहळू आठशेवर उतरला आणि तिथं ठाण मांडून बसला. करायचं काहीच नव्हतं, आणि तेच काकांना सहन होईना. स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात चालला होता.

शेवटी ते उठले, कोपऱ्यात उभी असलेली स्वतःची जुनी स्कूटर किक मारून चालू केली. ती घड्याळासारखी चालत होती. काकांनी कान लावून ऐकलं, समाधानानं मान हलवली, खाली वाकून स्क्रू पाव फेरा आत घेतला, आणि स्कूटर बंद पडली.