दारावरचं नाव

आमच्या गावच्या यात्रेत यंदा बैलगाड्यांपेक्षा बॅनरचीच चर्चा जास्त आहे. जुन्नर तालुक्यातलं गाव, चैत्रातली यात्रा, बैलगाडा शर्यतीची धावपट्टी म्हणजे घाट, तोही तोच. तालुक्याला ट्रॅक्टर-मोटारसायकलींचं शोरूम असलेल्या एका गृहस्थाने पहिल्या नंबरासाठी मोटारसायकल देऊ केली. अट एवढीच, की घाटाच्या तोंडाशी त्याच्या शोरूमचं नाव लागावं. झालं! पुतण्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भलामोठा मजकूर टाकला : देवाचा घाट विकायला काढलाय, आज बॅनर लागतंय, उद्या बैलांच्या झुलीवर जाहिराती येतील. रात्री जेवण उरकून मी लिहिलं, "बक्षीस देतोय तर नाव लावू द्या की. त्यात देवाचं काय गेलं?" त्यावर दादाचं उत्तर आलं, "तू तिकडून बोलू नकोस. तुला इथलं काय ठाऊक?"

चार दिवस झाले, इथे न्यू जर्सीत टर्नपाइक महामार्गावरून एक्झिट 10 ला उतरताना रोज तेच वाक्य मनात येतं. मला गावचं ठाऊक नाही? याच घाटात आमच्या वडिलांचा खिलार पळाला. बारी, म्हणजे गाड्याची फेरी, सुटली की स्पीकरवरचं "भिर्रर्र" कानात भरायचं आणि वडील माझं मनगट इतकं घट्ट धरायचे की वळ उठायचे. 2014 साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, दावणीचा बैल विकावा लागला, तेव्हा दादा रडला तो फोनवर माझ्याजवळच. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हाही पहिला फोन मलाच आला होता.

आणि तिकडचं, म्हणजे अमेरिकेतलं म्हणाल, तर बॅनरवाल्या शोरूमबद्दल मला गावातल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. इथली ड्रॅग रेसिंग ही मोटारींची शर्यत म्हणजे आपला घाटच. सरळ पट्टी, पाव मैल, वळण नाही, डावपेच नाही. काय तो निकाल दहा-पंधरा सेकंदांत, हजाराव्या हिश्शापर्यंत मोजून. आणि हा खेळ वाढला तो शोरूमवाल्यांच्या पैशावर. 1963 च्या जानेवारीत जनरल मोटर्सने शर्यतींतून अंग काढून घेतलं, कंपनीचा पैसा उघडपणे मिळेनासा झाला. तेव्हा पुढे आले ते गावोगावचे डीलर.

ऱ्होड आयलंडमधल्या ईस्ट प्रॉव्हिडन्सला बॉब टास्का फोर्ड गाड्या विकायचे. "रविवारी जिंका, सोमवारी विका" हे वाक्य त्यांच्या नावावर सांगतात. 1967 साली त्यांच्या शोरूमच्या मस्टँगचं 390 घनइंचाचं इंजिन रात्रीच्या शर्यतीत फुटलं. मेकॅनिकांनी पोलीस गाडीच्या 428 इंजिनचा खालचा भाग घेतला आणि दुकानात पडलेले सुटे भाग जोडून नवं इंजिन बांधलं. ते इतकं पळालं की फोर्डला 1968 मध्ये कोब्रा जेट मस्टँग काढावी लागली, आणि त्याच फेब्रुवारीत पोमोनाच्या शर्यतीत ती आपल्या गटात जिंकलीसुद्धा. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांतल्या इंजिनियरांना वाट दाखवली ती एका डीलरच्या गॅरेजने. शिकागोत नॉर्म क्राउस डॉज विकायचे. जोरकस गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते दुकानातच डायनोवर, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून ट्यून करून द्यायचे. आपल्याकडच्या कुठल्या शोरूमने एवढे कष्ट घेतलेत?

पण मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते फ्रेड गिब. इलिनॉयमधलं ला हार्प हे आपल्या एखाद्या वाडीएवढं गाव, तिथे त्यांचं शेव्हरोलेचं दुकान. शर्यतीच्या नियमासाठी पन्नास गाड्या बनणं जरूर होतं, म्हणून या माणसाने ॲल्युमिनियमच्या 427 इंजिनाच्या पन्नास कॅमेरोंची ऑर्डर एकट्याने दिली. 1969 ची झेडएल-1 कॅमेरो ती हीच. गाड्या आल्या तेव्हा एकेकीची किंमत सात हजार डॉलरच्या वर गेलेली, साध्या कॅमेरोच्या दुपटीहून जास्त. त्या खपेनात, बहुतेक परत पाठवाव्या लागल्या. निव्वळ धंदा पाहणारा माणूस असली ऑर्डर देत नाही. पुतण्याला मी हे फोनवर सांगायला गेलो, तर म्हणाला, "काका, ते अमेरिकेतलं झालं."

हो, अमेरिकेतलंच. पण माणूस तोच आहे. गाडीच्या दारावर स्वतःचं नाव रंगवून घेणारा माणूस हरला तर गावासमोर हरतो. आमच्या ऑफिसात एक वयस्कर सहकारी होता, लाँग आयलंडला वाढलेला. बाल्डविन-मोशनच्या कॅमेरो त्याने लहानपणी पाहिल्या होत्या. बाल्डविन शेव्हरोले हे शोरूम आणि जोएल रोझेन यांचं मोशन परफॉर्मन्स हे गॅरेज, दोघांची भागीदारी. आमची गाडी मान्यताप्राप्त पट्टीवर साडेअकरा सेकंदांत पाव मैल कापेल, अशी त्यांची छापील हमी असायची. तो सहकारी ते आकडे आरतीसारखे म्हणून दाखवायचा. आपल्या घाटात दरवर्षी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, एकेका फ्लेक्सवर पन्नास चेहरे. त्यांतला कोण कशाची हमी देतो? त्यांच्याबद्दल पुतण्याने कधी एक अक्षर लिहिलं नाही. शोरूमवाला निदान उद्या सकाळी शटर उघडून बसणार आहे, बोललेली मोटारसायकल नाही दिली तर त्याच्या दारात जाता येतं.

बैल जीव आहे, इंजिन नाही, हे मला मान्य आहे. कोर्टाच्या अटी पाळल्याच पाहिजेत. शर्यत जीव घेते हेही मी इथे पाहिलंय. 2008 च्या जूनमध्ये इंग्लिशटाऊनच्या पट्टीवर ड्रॅग रेसर स्कॉट कॅलिटा अपघातात गेले. त्यानंतर काही दिवसांतच सगळ्यात वेगवान दोन गटांची शर्यत पाव मैलावरून, म्हणजे 1320 फुटांवरून, 1000 फुटांवर आणली. शर्यत बंद नाही केली, पट्टी आखूड केली.

इंग्लिशटाऊन. आमच्या एडिसनहून रूट 18 ने निघालं की अर्ध्या तासावर रेसवे पार्कची ड्रॅग पट्टी होती, 1965 पासूनची. 2001 साली मी जुनी मस्टँग जीटी घेतली, आणि सरावाच्या संध्याकाळी कधीकधी तिकडे जायला लागलो. मागच्या काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने आपला अंदाजे वेळ लिहायचा, मी 14.70 सेकंद लिहायचो. आधी पाण्यात चाकं फिरवून धूर काढायचा. मग हळूहळू पुढे सरकायचं, वरचे दोन बारके दिवे लागेपर्यंत. मग तीन पिवळे, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने, आणि हिरवा. परत येताना खिडकीतून वेळेची चिठ्ठी मिळते, तशा चिठ्ठ्यांचा आमच्या हॉलमधल्या खणात अजून गठ्ठा आहे. शेजारच्या पट्टीत कोणाच्या गाडीच्या दारावर गावातल्या डीलरचं नाव असायचं, कोणाच्या टायरवाल्याचं. रांगेत उभा असताना तिथे मला कुणी कधी विचारलं नाही की तू कुठला. विचारायचे, "किती काढलेस?"

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना मी कधी सांगितलं नाही की मी तिथे जातो. गणपतीच्या मीटिंगला उशीर झाला की ऑफिसात प्रॉडक्शन सपोर्टचं काम निघालं म्हणायचो. आमच्या ओळखीतल्या नव्या घरांत पट्टीच्या आवाजाची कुरबूर चालायची, मुलं झोपत नाहीत, घरांच्या किमती पडतात. मी चहाचा कप हातात धरून मान डोलवायचो. 2018 च्या जानेवारीत रेसवे पार्कच्या मालकांनी तिथलं ड्रॅग रेसिंग बंद केल्याचं एका दिवसात जाहीर केलं. न्यू जर्सीतलीच अटकोची पट्टी 1960 पासूनची, तीही 2023 ला गेली. 2018 च्या त्या जानेवारीत मी रेसवे पार्कच्या रिकाम्या पार्किंगच्या फाटकापर्यंत जाऊन आलो, थंडी मरणाची होती. कुणाजवळ बोलायचं? मंडळात सांगायची सोय मी ठेवली नव्हती. पट्टीवरच्या लोकांचे फोन नंबर माझ्याकडे नव्हते, सतरा वर्षांत मी कोणाकडे मागितलेच नाहीत.

मग मी दादाला फोन केला होता. तिकडे पहाट होती. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपला घाट बंद झाला तेव्हा मला असंच झालं होतं." त्या दिवशी त्याने तिकडचं-इथलं काही केलं नाही. म्हणूनच या वेळचं त्याचं वाक्य इतकं लागलं असेल.

काल परत त्याचा फोन आला. बॅनरचा वाद मिटत नाही म्हणून शोरूमवाल्याने मोटारसायकल मागे घेतली. यात्रा कमिटी आता दुसरं बक्षीस शोधतेय. मी म्हटलं, पहिल्या नंबराची मोटारसायकल माझ्याकडून. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वडिलांच्या नावाने दे." मी हो म्हटलं.

"आणि खाली तुझं नाव? पेंटर गुरुवारी येतोय. नावापुढे गावाचं नाव घालू, का न्यू जर्सी?"

आज बुधवार आहे.