न्यूयॉर्क–लंडन १२ तास आणि परत फक्त ३?

न्यूयॉर्कहून विमानाने लंडनला जायला १२ तास लागतात, परतताना मात्र ३च, कारण पृथ्वी फिरत असल्याने न्यूयॉर्कच विमानाकडे सरकत येतं, असा एक संदेश फिरतो आहे.

घोळ घड्याळाचा आहे. वेळापत्रकात निघण्याची आणि उतरण्याची वेळ त्या त्या शहराची असते, आणि लंडन वर्षातला बहुतेक काळ न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे असतं. संध्याकाळी ७ला निघून सकाळी ७ला पोहोचलेलं विमान ७ तासच प्रवास करतं. सकाळी ११ला लंडन सोडून दुपारी २ला उतरणारं ८ तास. म्हणजे दाव्याच्या नेमकं उलट! अंतर दोन्हीकडून तेच, साधारण ५,५५० किमी.

राहिलं पृथ्वीचं फिरणं. तिच्याबरोबर हवाही फिरते, त्यामुळे जमीन विमानाखालून निसटत वगैरे नाही. तासाभराचा फरक पडतो तो वाऱ्याने. साधारण १० किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधीकधी ताशी ३०० किमीहूनही वेगाने. फेब्रुवारी २०२०मध्ये त्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. पश्चिमेकडे जाणारी विमानं हाच वारा चुकवायला अनेकदा वाट वाकडी करतात.