0.23 सेकंदांच्या हॉर्नला कोर्ट, आणि नाच मात्र फुकट

आज एका डान्स क्लासची रील समोर आली. म्हणे ‘मॅडोनाने आणलेला व्होग शिका’. पोरं उडी मारून धाडकन पाठीवर पडतायत आणि त्याला ‘डेथ ड्रॉप’ म्हणतायत. डोकं फिरलं. पोस्ट लांबणार आहे, सवड असेल तेव्हा वाचा.

व्होग हा नाच न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा आहे. तिथल्या बॉलमध्ये, म्हणजे नटूनथटून नाचायच्या स्पर्धांमध्ये, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे, ट्रान्स मुलामुलींनी तो घडवला. 1967 च्या ड्रॅग (स्त्रीवेशातल्या कलाकारांच्या) स्पर्धेतल्या पक्षपातावर स्पर्धक क्रिस्टल लबेजा कॅमेऱ्यासमोर कडाडली, आणि काही वर्षांत तिच्या नावाचं हाऊस, म्हणजे बॉलमधलं मानलेलं कुटुंब, उभं राहिलं. घरच्यांनी हाकलून दिलेल्या किती जणांना अशा हाऊसांमध्ये मदर मिळाली, आडनाव मिळालं. आणि 1990 च्या मॅडोनाच्या ‘व्होग’ गाण्यात नावं कुणाची? सोळा जुन्या सेलिब्रिटींची, एक बेसबॉलपटू सोडला तर हॉलिवूडचे तारेतारका, सगळे गोरे. हार्लेमचा उल्लेख नाही, एकाही हाऊसचं नाव नाही.

आता गंमत नव्हे, चीड येणारी गोष्ट. त्याच गाण्यातला हॉर्नचा एक ठोका, 0.23 सेकंदांचा, ‘लव्ह ब्रेक’ या जुन्या रेकॉर्डमधून उचलला म्हणून हक्कदार कंपनी कोर्टात गेली. 2016 मध्ये अपिलात निकाल लागला: तुकडा इतका छोटा की सामान्य श्रोत्याला ओळखू येणार नाही. कंपनी हरली. पण तिला दाद मागायला दार तरी होतं! नाचणाऱ्यांना तेही नाही. अमेरिकेच्या 1976 च्या कायद्यात कोरिओग्राफीला संरक्षण आहे, पण ती कुठेतरी नोंदलेली हवी, आणि सुट्या स्टेप्स, समूहात रुळलेले नाच त्यात बसत नाहीत. बॉलमधला व्होग जागच्या जागी सुचतो, समोरच्याला उत्तर म्हणून. मग तो कुणाच्या नावावर चढणार?

मान्य, होझे आणि लुईस या एक्स्ट्राव्हागांझा हाऊसच्या दोघांना मॅडोनाने व्हिडिओत घेतलं, ‘ब्लाँड ॲम्बिशन’ टूरवर जगभर नेलं. ते नसते तर तो व्हिडिओ उभाच राहिला नसता, हेही तितकंच खरं.

त्या रीलकडे येते, कारण तिथे पोरांचे गुडघे जाणार आहेत. त्या चालीचं नाव डिप. उडी मारायचीच नसते. एक पाय गुडघ्यात दुमडून अंगाखाली घ्यायचा, भार त्याच्यावर ठेवत खाली जायचं, दुसरा पाय लांब सोडायचा. पोट आणि मांड्या शेवटपर्यंत आवळलेल्या. पाठ सगळ्यात शेवटी टेकते, डोकं कधीच आपटत नाही. उडी मारली की तो दुमडलेला पाय आधाराला राहत नाही, सगळा दणका माकडहाडावर आणि मणक्यावर बसतो. पाऊल एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे वळला की लिगामेंट गेलंच. डकवॉकचंही तेच, म्हणजे उकिडवं बसून चालण्याचं. टाचा उचललेल्या, बूड टाचांशी, पाठ ताठ, आणि तसंच बसून आलटून पालटून पाय पुढे फेकायचे. मध्येच उठलात की तो डकवॉक राहिला नाही.

आणि ताल! बॉलमध्ये वाजणाऱ्या, मास्टर्स ॲट वर्क या जोडीच्या 1991 च्या ‘द हा डान्स’ ट्रॅकमध्ये दर चौथ्या ठोक्याला तो ‘हा’चा धमाका येतो, डिप नेमकी त्यावर पडायला हवी. सम चुकलेल्या गवयाला आपण दाद देत नाही, तसंच बॉललाही चालत नाही. पहिल्या फेरीत प्रत्येक परीक्षकाकडून ‘टेन’ हवा. एकाने ‘चॉप’ दिला की घरी. पुढे समोरासमोर बॅटल, आणि माइकवर कॉमेंटेटर, जो शब्दांनी नाचणाऱ्याला चढवतो. हात काय बोलतायत हे त्याच्यामुळे कळतं. पॉप व्हिडिओ यातलं काय घेतो? पोझ. बाकी सगळं एडिटिंगमध्ये जातं, सेकंदाला एक कट, हात दिसतच नाहीत.

लिहिता लिहिता बियॉन्सेचा ‘रेनेसान्स’ लावला आणि थोडी निवळले. 2022 च्या त्या अल्बममधल्या ‘प्युअर/हनी’त केव्हिन अव्हियान्स आणि मोई रेने या ड्रॅग कलाकारांचे आवाज आहेत, बॉलचा डीजे माइक क्यू आणि कॉमेंटेटर केव्हिन जेझी प्रॉडिजी यांच्या ट्रॅकचा तुकडा आहे. क्रेडिटमध्ये त्यांची दखल आहे. टूरमध्ये प्रॉडिजीचा आवाज घुमला, हनी बालेन्सियागा स्टेजवर व्होग करत होती. म्हणजे जमतं! सॅम्पलचा हिशोब ठेवता येतो, नावं छापता येतात. तरी बोचतंच, कारण हिशोब आवाजाचा झाला. आवाज रेकॉर्ड होतो म्हणून त्याला मालक सापडतो, त्या 0.23 सेकंदांच्या हॉर्नला सापडला तसा. डिपला अजून कुणी विचारत नाही.

आपल्याकडे 1957 च्या कायद्यातही कोरिओग्राफी आहे, तीही नोंदलेली असेल तरच. म्हणून कायद्याची वाट बघू नका. क्लास घेताय, व्हिडिओ करताय? हाऊसमधल्या कुणाला तरी पहिल्या दिवसापासून बोलवा, स्टेप्स बसवून झाल्यावर ‘जरा बघून घ्या’ म्हणायला नको. फी आधी ठरवा. नावापुढे हाऊसचं नाव लिहा. आणि त्या मुलांना आधी महिनाभर नुसती बैठक आणि हात शिकवा, डिप नंतर.